मतभेद आहे, पण नेमका कशावर?

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, घणसोली या पट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीतली मीटिंग बघा. साहेब शेवटी विचारतात, "कुणाला काही शंका?" सगळे आपापल्या वहीत बघतात. शंका कुणालाच नसते. संध्याकाळी हीच मंडळी ठाण्याच्या लोकलमध्ये दाराशी उभी राहतात आणि मग एकेकाचं तोंड उघडतं. ही तारीख पाळणं अशक्य आहे, त्या व्हेंडरने मागच्या वेळीही असंच केलं होतं, पण साहेबांना सांगणार कोण? ऐरोलीहून ठाणं येईपर्यंत जेवढी प्रामाणिक चर्चा होते, तेवढी दुपारच्या तासाभरात झालेली नसते.

सोसायटीत याच्या बरोबर उलट. तिथे गप्प कुणीच बसत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागते, म्हणून ती घेतली जाते. पार्किंगचा विषय निघतो, पार्किंगवरून गच्चीच्या गळतीवर जातो, गळतीवरून मागच्या कमिटीच्या हिशेबावर आणि तिथून कुणाच्या मुलाने कुणाची कुंडी फोडली होती त्यावर. दीड तासाने पार्किंगचं काय ठरलं, हे सेक्रेटरीलाही सांगता येत नाही.

एकीकडे तोंड शिवलेलं, दुसरीकडे तोंड सुटलेलं. मतभेद कशावर आहे हे मात्र दोन्हीकडे कुणी ठरवलेलं नसतं. माझं म्हणणं असं की मतभेद हाताळायचं निम्मं काम तेवढंच आहे. "शांतपणे बोला", "समोरच्याचं ऐकून घ्या" हे उपदेश चुकीचे नाहीत, पण कशाबद्दल शांतपणे बोलायचं हे कळल्याशिवाय त्यांचा उपयोग होत नाही.

कुठल्याही वादातली वाक्यं सुटी करून पाहिली तर ती साधारण तीन ढिगांत पडतात. पहिला ढीग "खरं काय?" या प्रश्नाचा. दुसरा "आधी काय?" याचा. तिसरा "मला विचारलं होतं का?" याचा.

महापेच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतला नेहमीचा प्रसंग घ्या. मॅनेजरला शुक्रवारी संध्याकाळी नवी आवृत्ती ग्राहकाकडे पाठवायची आहे. टेस्टिंग करणारी मुलगी म्हणते, थांबा. पेमेंटच्या भागात खरोखर दोष आहे का, हा पहिला प्रश्न. याचं उत्तर आवाज चढवून मिळत नाही, तपासून मिळतं. दोष आहे पण क्वचित दिसतो असं निघालं, तर ग्राहकाला दिलेली तारीख मोठी की क्वचित अडकणारं पेमेंट मोठं, हा दुसरा प्रश्न. इथे तपासण्यासारखं काही उरत नाही, तोलायचं असतं. आणि तिसरा: ती मुलगी मंगळवारपासून ईमेल पाठवते आहे आणि एकालाही उत्तर आलेलं नाही. तिच्या "थांबा"मध्ये तीन दिवसांचा राग मिसळला आहे. मॅनेजरला तिचं म्हणणं दोषाबद्दलचं वाटतं, म्हणून तो दोषाबद्दल उत्तर देतो. तिला ऐकायचं असतं ते वेगळंच. दोघं तासभर बोलतात आणि एकमेकांना हटवादी ठरवून उठतात.

पहिल्या ढिगाचा निकाल खरं तर सोपा असतो. कोण बरोबर यावर वाद घालण्याऐवजी कसं तपासायचं यावर आधी सहमत व्हायचं. दहा वेळा पेमेंट करून बघू. सोसायटीत "टाकी गळते की नाही" यावर दोन गट पडले असतील, तर दोघांनाही मान्य असलेला प्लंबर बोलावू. तो सांगेल ते मान्य, हे तो यायच्या आधी ठरवायचं. नंतर ठरवायला गेलं की प्लंबरच कुणाचा तरी माणूस ठरतो.

हे इतकं सोपं असूनही होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी त्याचं एक कारण दाखवून दिलं आहे. आपल्याला जग जसं दिसतं तसंच ते आहे, अशी प्रत्येकाची मनोमन खात्री असते. मग तेच जग पाहून दुसरा वेगळं बोलायला लागला, की आपल्याकडे तीनच खुलासे उरतात: त्याला माहिती नाही, त्याला अक्कल नाही किंवा त्याचा काहीतरी स्वार्थ आहे. आधी आपण त्याला माहिती देऊन बघतो. तरी पटलं नाही की अकलेवर येतो, आणि शेवटी "बिल्डरकडून याला काय मिळालं?" इथे पोचतो. पुनर्विकासाची बैठक कधी पाहिली असेल तर हा क्रम ओळखीचा वाटेल. मात्र समोरचा माणूसही आपल्याबद्दल याच पायऱ्या चढत असतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता तोंड शिवलेल्यांकडे वळू.

१९५१ साली मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन. पहिल्या रेघेइतकी लांब कोणती, एवढंच सांगायचं. लहान मूलही सांगेल इतकं उघड. पण खोलीतली बाकीची सगळी माणसं ॲश यांनी आधीच पढवलेली होती आणि ती ठरवून एकच चुकीचं उत्तर द्यायची. खऱ्या उमेदवाराची पाळी शेवटाकडे यायची. अशा फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश उत्तरं घोळक्यामागे जाऊन चुकली. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी घोळक्याबरोबर गेले. समोर रेघ दिसत असताना.

या प्रयोगाचा हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्याचा दुसरा भाग जास्त कामाचा वाटतो. ॲश यांनी त्या पढवलेल्या लोकांत एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं, तेव्हा उमेदवाराच्या चुका चौथ्या हिश्श्यावर आल्या. एकच माणूस, पण तेवढा पुरला. म्हणून ऑफिसात तुम्हाला एखादी गोष्ट पटत नसेल, तर लोकलमध्ये जो तुमच्याशी सहमत होतो त्याला मीटिंगच्या आधी गाठा आणि सांगा, "मी विषय काढतो, तू फक्त 'मलाही तसंच वाटतं' एवढं म्हण." याला कुणी गटबाजी म्हणेल. म्हणू द्या. दुसऱ्या बाजूने, बाकी कुणी धाडस करून बोललं आणि तुम्हाला ते पटत असेल, तर त्याच क्षणी बोला. मीटिंग संपल्यावर कॅन्टीनमध्ये पाठ थोपटून त्याला काही मिळत नाही.

साहेबांसाठीही यात एक गोष्ट आहे. आपलं मत शेवटी सांगा. सुरुवातीलाच "मला तर हा प्लॅन मस्त वाटतो" म्हटलं की पुढचा "कुणाला काही शंका?" हा प्रश्न उपचारापुरता उरतो. काही कंपन्यांत मुद्दाम विरोधी बाजू मांडायला एकाला नेमतात. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या संशोधनात असा नेमलेला विरोधक खऱ्या विरोधकापेक्षा कमी उपयोगी ठरला. तो नाटक करतो आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कुणाच्याच विचारावर खरा ताण येत नाही.

गप्प बसण्याची किंमत किती असू शकते, हे विमानवाहतुकीने सर्वांत आधी मोजलं, कारण तिथे ती माणसांच्या जिवाने मोजावी लागली. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मेले. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा काही आठवड्यांपूर्वी त्यानेच घेतली होती. कॅप्टनने पहिल्यांदा वेग द्यायला सुरुवात केली तेव्हा सहवैमानिकाने त्याला थांबवलं: अजून परवानगी मिळालेली नाही. थोड्या वेळाने कॅप्टन पुन्हा निघाला, परवानगी तेव्हाही नव्हती. या वेळी सहवैमानिकाने त्याला अडवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं नसावं अशी शंका काढली, तीसुद्धा प्रश्नाच्या रूपात. कॅप्टनने ठामपणे ती उडवून लावली. पुढे कुणी बोललं नाही.

एकाच माणसाला दुसऱ्यांदा टोकायचं असतं तेव्हा जीभ किती जड होते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. विमानवाहतुकीने यातून "लोकांनी धीट व्हावं" असा निष्कर्ष काढून विषय संपवला नाही. १९७९ साली नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांना त्याचं रीतसर प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि आज ते जगभर सक्तीचं आहे. त्यात वरिष्ठाला अडवायची ठरावीक पद्धत शिकवतात. आधी त्याला हाक मारून लक्ष वेधायचं. मग काळजी आहे हे सांगायचं. मग नेमका धोका, मग आपल्याला सुचणारा उपाय, आणि शेवटी त्याचं उत्तर मागायचं. शेवटची पायरी महत्त्वाची, कारण तिच्यामुळे समोरच्याला नुसतं "हं" म्हणून पुढे जाता येत नाही.

आपल्या महापेच्या मुलीने हे असं म्हणावं: "सर, शुक्रवारच्या रिलीजबद्दल मला काळजी वाटते. काल दहापैकी दोन वेळा पेमेंट अडकलं, आणि शनिवार-रविवारी सपोर्टला कुणी नाही. मला वाटतं सोमवारी सकाळी पाठवू, किंवा शुक्रवारीच पाठवायचं असेल तर पेमेंटचा भाग मागे ठेवू. तुम्हाला यातलं काय चालेल?" यात कुठेही "तुमचं चुकतंय" नाही आणि "मी आधीच सांगितलं होतं" तर अजिबात नाही. ते वाक्य खरं असतं, बरेचदा न्याय्यही असतं. पण त्याने वाद पहिल्या ढिगातून उचलून थेट तिसऱ्यात टाकला जातो.

हे बोलायचं कुठे, यावर माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो मीटिंगच्या आधी, केबिनमध्ये, पाच मिनिटं. मोकळेपणाचे पुरस्कर्ते म्हणतील की सगळ्यांसमोर बोलण्यात काय गैर? तत्त्वतः काहीच नाही. पण आपल्याकडे चारचौघांत टोकलं जाणं हा अनेकांना अपमान वाटतो, आणि एकदा तो वाटला की पेमेंटचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी मेला. केबिनमध्ये सांगूनही ऐकलं नाही आणि धोका मोठा असेल, तर मग मात्र मीटिंगमध्ये बोलायचं, दुसऱ्यांदा. टेनेरिफमध्ये नेमकी ती दुसरी वेळ हुकली.

"टीममध्ये मतभेद असलेले चांगले" हे वाक्य आजकाल प्रत्येक प्रशिक्षणवर्गात ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. नव्वदच्या दशकात संशोधक कॅरन जेन यांनी कामाच्या मुद्द्यावरचा वाद आणि माणसामाणसांतला वाद असा फरक केला. पहिला ठरावीक परिस्थितीत उपयोगी, दुसरा बाधक, अशी त्यांची मांडणी होती, आणि ती सगळ्यांना आवडली. २००३ साली डी ड्रू आणि वाइनगार्ट यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तर कामाच्या मुद्द्यावरचे वादही टीमच्या कामगिरीला मारकच दिसले. २०१२ साली आणखी मोठ्या फेरतपासणीत चित्र थोडं उलगडलं. मुद्द्यावरचा वाद व्यक्तिगत वादात मिसळला नाही, तर तो तितका बाधत नाही आणि काही ठिकाणी, विशेषतः वरच्या पातळीवर निर्णय घेणाऱ्यांत, मदतही करतो. मिसळला की मात्र नुकसान ठरलेलं. म्हणजे मतभेद असावेत की नसावेत यापेक्षा ते मुद्द्यावरून माणसावर गळतात का, हा प्रश्न मोठा.

गळण्याचं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टिळक आणि आगरकरांचं. दोघं कॉलेजपासूनचे मित्र. १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला तेव्हा आगरकर त्याचे पहिले संपादक. बदनामीच्या कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. मतभेद होता तो निव्वळ दुसऱ्या ढिगातला: आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा? दोन्ही हव्यात याबद्दल वाद नव्हता, वाद होता तो क्रमाचा आणि सुधारणेच्या मार्गाचा. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, आणि दोन पत्रांतून जे सुरू झालं त्यात मुद्द्यांबरोबर माणसांवरही वार होऊ लागले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत सभासदांच्या मिळकतीच्या नियमांवरून वेगळे वाद पेटले आणि १८९० मध्ये टिळक तिथूनही बाहेर पडले. १८९५ मध्ये आगरकर अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. त्या वादातून महाराष्ट्राला दोन समर्थ विचारधारा मिळाल्या हे खरं. पण मैत्रीची ती किंमत टळण्यासारखी नव्हती, असं मला वाटत नाही. एकाच्या वृत्तपत्रात दुसऱ्याच्या हेतूंवर लिहिलं जाऊ लागलं की परतीचा रस्ता फार अरुंद होतो.

वृत्तपत्रांच्या जागी आता सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आला आहे. तिथे प्रेक्षक आहेत, आवाजाचा सूर नाही, आणि लिहिलेलं स्क्रीनशॉटच्या रूपाने अमर आहे. तुम्ही सेक्रेटरीला उद्देशून लिहिता, पण ऐंशी घरं वाचत असतात. त्यामुळे सेक्रेटरीला तुम्हाला उत्तर द्यायचं नसतं, ऐंशी घरांसमोर स्वतःला सावरायचं असतं. नेरुळ-वाशीच्या मिश्र सोसायट्यांत आणखी एक गंमत. मल्याळी, तमिळ, गुजराती, मराठी असे सगळे हिंदीत भांडतात, आणि हिंदी त्यातल्या कुणाचीच घरची भाषा नसते. मराठी माणसाचं साधं "ऐसा नहीं चलेगा" पलीकडच्याला धमकी वाटते. एका विषयावर दोन मेसेज झाले आणि तिसरा लिहावासा वाटला, की फोन उचला किंवा जिना चढून वर जा. समोरासमोर माणूस सहसा बराच नरम निघतो.

दुसऱ्या ढिगावर, "आधी काय?" यावर, जरा थांबू. घरातले बहुतेक वाद इथले असतात.

ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारतीत वन बीएचके. आई, मुलगा, सून, नववीतली नात. मुलाला घोडबंदर रोडला टू बीएचके घ्यायचा आहे. आई म्हणते, "मी नौपाडा सोडणार नाही." संपलं. मुलगा आकडे मांडतो: तिथे दर काय, इथे दर काय, कर्जाचा हप्ता किती. आई आकडे ऐकून घेते आणि पुन्हा तेच म्हणते. मुलगा बायकोला सांगतो, आई भावनिक होते. आई बहिणीला सांगते, याला आता सगळं पैशातच दिसतं.

अशा वेळी नातेवाईक मध्ये पडतात आणि तोडगा काढतात: माजिवड्याला बघा, मधोमध पडेल. याला तडजोड म्हणतात. आईचा नौपाडा गेला, मुलाला हवा तो दर मिळाला नाही, आणि खाली उड्डाणपुलाची वाहतूक. कुणालाच नको असलेली गोष्ट दोघांच्या संमतीने.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विचारवंत बाईंनी १९२५ साली एका व्याख्यानात याबद्दल जे सांगितलं, ते आजही व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. अर्धी उघडली असती तर दोघंही अर्धवट नाराज झाले असते. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला ती विशिष्ट खिडकी नको होती, हवा पाहिजे होती. त्यांना बंद खिडकीचं प्रेम नव्हतं, अंगावर थेट वारा नको होता. फॉलेट यांच्या मते वाद मिटवायचे तीन मार्ग: एकाने दुसऱ्यावर मात करायची, दोघांनी थोडं थोडं सोडायचं, किंवा मागण्यांच्या मागे काय आहे ते शोधून दोन्ही बसतील अशी वेगळी रचना करायची. तिसरा दरवेळी सापडतो असा त्यांचा दावा नव्हता. शोधल्याशिवाय सापडत नाही, एवढाच होता.

नौपाड्याच्या घरात हा शोध "का?" विचारून लागत नाही. "आई, तुला का नाही जायचं?" हा प्रश्न उलटतपासणीसारखा लागतो आणि उत्तर "असंच" येतं. त्यापेक्षा "आई, तिकडे गेलो तर तुझा दिवस कसा जाईल असं वाटतं?" हे विचारून बघावं. मग कळतं की सकाळची भाजी गोखले रोडवर ती स्वतः पायी जाऊन आणते. डॉक्टर पाच मिनिटांवर आहेत. संध्याकाळी तलावपाळीला तिच्या मैत्रिणी बसतात. गडकरी रंगायतनला नाटक असलं तर ती कुणावर अवलंबून न राहता जाऊन येते. घोडबंदरला गेलं की कुठेही जायचं तर "मला सोडतोस का रे?" म्हणावं लागणार. तिला नौपाड्याच्या भिंती धरून बसायचं नाही, कुणावर अवलंबून राहायचं नाही. मुलालाही तसंच विचारलं तर घोडबंदरची ओढ फारशी निघत नाही. मुलीला दहावीला अभ्यासाला दार लावता येईल अशी खोली हवी, आणि आपण इतकी वर्षं नोकरी करून घर वाढवू शकलो नाही, हे त्याला आत कुठेतरी लागलेलं आहे.

आता बोलायला निराळ्या गोष्टी आहेत. इमारतीचा पुनर्विकास किती लांब आहे? तोवर त्याच भागात एक मोठं घर भाड्याने घेता येईल का? किंवा घोडबंदरलाच जायचं, पण अशा कॉम्प्लेक्समध्ये जिथे भाजी, डॉक्टर, बसथांबा पायी अंतरावर आहेत आणि आई आधी आठवडाभर राहून बघेल? यातलं काहीच जमणार नाही, असंही होऊ शकतं. तरी "भावनिक आई" आणि "पैशाचा लोभी मुलगा" ही दोन पात्रं एव्हाना संपलेली असतात.

ज्यांना असं काही सापडतच नाही त्यांच्यासाठी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचा आकडा दिलासा देणारा आहे. त्यांनी जोडप्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यांना दिसलं की नवराबायकोतले सुमारे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत. स्वभावातल्या, सवयीतल्या फरकांतून ते वर्षानुवर्षं तेच राहतात. सुखी जोडप्यांचेही. फरक असतो तो त्यांच्याबद्दल बोलण्यात. विशेषतः पहिल्या वाक्यात, कारण बोलणं टोमण्याने सुरू झालं की ते बहुतेक तसंच संपतं.

बोलायला बसण्यापूर्वी कसलं बोलणं आहे हे ठरवावं, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या 'विमानस्थान' नावाच्या भागात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी यावर मोठा भाग आहे. तिथे चर्चेचे दोन प्रकार केले आहेत: संधाय संभाषा, म्हणजे जोडून घेऊन केलेली, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे सामना म्हणून केलेली. पहिल्या प्रकारात हरण्याच्या भीतीने बिचकू नये, समोरच्याला निरुत्तर केलं तर हरखू नये आणि चारचौघांत त्याची फुशारकी मारू नये, असं चरक बजावतो. हा नीतिपाठ वाटेल, पण संदर्भ रोग्याच्या उपचाराचा आहे. दोन वैद्य एकमेकांना हरवत बसले तर औषध चुकतं. भारतीय शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायची रीतही तशीच कामाची: विरोधकाचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या नीटपणे आधी आपण मांडायचं, मग खोडायचं. सभेत एकदा करून बघा. "तुमचं म्हणणं असं आहे ना, की भाडेकरूंची गाडी आत घेतली तर मालकांच्या दुसऱ्या गाडीला जागा उरणार नाही?" समोरचा "हो" म्हणाला की त्याचा निम्मा आवाज उतरतो. "मला विचारलं होतं का?" या तिसऱ्या ढिगाचं देणं त्यात बरंचसं फिटतं.

एवढं सगळं करूनही एकमत होणार नाही. मग कुणीतरी ठरवायचं: साहेबांनी, बहुमताने, ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याने. हरलेल्या बाजूने त्यानंतर काय करायचं याबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. काही जण वरून हो म्हणतात आणि काम ढिलं सोडतात. काही जण प्रत्येक सभेत तोच मुद्दा उकरतात. त्यापेक्षा बरी रीत कायद्याने दाखवली आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ नुसार संचालक मंडळाच्या इतिवृत्तात ठरावाशी असहमत असलेल्या संचालकांची नावं नोंदवावी लागतात. विरोध नोंदला जातो, निर्णय अमलात येतो. सोसायटीतही हात वर करून "माझी असहमती कारणासह इतिवृत्तात घ्या" म्हणावं, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ती आहे ना हे बघावं. ऑफिसात दोन ओळींचा ईमेल पुरतो: मला हा धोका वाटतो, निर्णय झाला आहे त्याप्रमाणे काम करतो, महिन्याने आकडे एकत्र बघू. ही महिन्याची तारीख विसरू नका. तिच्याशिवाय ती नुसती नाराजीची नोंद राहते.

नोंदलेल्या विरोधाचं आयुष्य कधी कधी निर्णयापेक्षा मोठं निघतं. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी असा निकाल दिला की त्या काळात बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला दाद मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. पुढच्या वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निकाल रद्द ठरवला. एक्केचाळीस वर्षं लागली. मतभेद नीट मांडला की त्याची किंमत मोजावी लागत नाही, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

म्हणून शेवटी एक मर्यादा. हे सगळं मतभेदांसाठी आहे, आणि प्रत्येक त्रास हा मतभेद नसतो. साहेब शंका विचारायला सांगतात आणि विचारणाऱ्याचं मूल्यांकन दरवर्षी खाली आणतात, तिथे पाच पायऱ्यांनी बोलून फार काही हाती लागणार नाही. तिथे कागदोपत्री नोंद ठेवणं आणि दुसरी नोकरी बघायला लागणं जास्त शहाणपणाचं. खोट्या चाचणी अहवालावर सही मागितली जात असेल, पगारातून कापलेला पीएफ भरला जात नसेल, तर "दोन्ही बाजू समजून घ्या" हा सल्ला देणाऱ्यापासूनच सावध राहावं. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्याकडे जायच्या आधी त्या माणसाशी केबिनमध्ये पाच मिनिटं बोलून बघायची कुणावरही सक्ती नाही.